बाबा मलाकलला, गणपती काळाचौकीत: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका हवालदाराच्या घरचं आहे. साल 2024, सण गणपतीचा. हवालदार दक्षिण सुदानमध्ये, मलाकल या शहरी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीत. घर मुंबईत, काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत. घरात त्यांची आई, पत्नी, चौथीतली मुलगी आणि लग्न व्हायचा राहिलेला धाकटा भाऊ. मी मुलीच्या शाळेत समुपदेशक आहे. या घराशी माझी ओळख मुलीमुळेच झाली. कुटुंबाने हा मजकूर वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. माझ्या टिपणांत हवालदारांची आई काकू, पत्नी वहिनी आणि ते स्वतः दादा अशीच आहेत, इथेही तशीच ठेवते.

लष्करातल्या माणसाचं घर सणाला एक पान कमी मांडायला शिकलेलं असतं. पण देशातल्या पोस्टिंगवर निदान रजेचं गणित मांडता येतं. पलटणीत महाराष्ट्रातल्या प्रत्येकालाच गणपतीची रजा हवी असते, मग एका वर्षी गणपती, दुसऱ्या वर्षी दिवाळी किंवा शिमगा, असं आपसात ठरतं. दादांनी पंधरा वर्षांच्या नोकरीत बरेचसे गणपती असे जुळवून आणले होते. परदेशातल्या शांतिसेनेत तो कार्यकाळ साधारण वर्षाचा असतो आणि रजेची पाळी आपल्या सणाकडे बघून येत नाही. दादांची पाळी नोव्हेंबरात होती. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला.

पाडव्याचा फोन

सुरुवात मात्र गणपतीपासून झाली नाही. 9 एप्रिल 2024 ला गुढीपाडवा होता. दादांना तिकडे जाऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि ते तिकडे गेल्यापासूनचा घरातला हा पहिला मोठा सण. धाकट्या भावाने व्हिडिओ कॉल लावून मोबाईल फळीवरच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. हेतू चांगला होता: दादाला सगळं दिसावं. फोन तासभर चालू राहिला. त्या तासात दादांनी घरच्यांच्या पाठी पाहिल्या, पोळपाटावरच्या लाटण्याचा आवाज ऐकला, मधेच कुणीतरी डबा काढला तेव्हा छत पाहिलं. गुढीची काठी गॅलरीच्या कठड्याला बांधायचं काम एरवी त्यांचं. या वेळी ती शेजारच्या मुलाने बांधली, आणि तेही त्यांनी फोनवरच पाहिलं. मुलीला बोलायला बोलावलं तर ती गॅलरीत जाऊन बसली.

त्यानंतर दादांचे फोन आखूड होत गेले. "ड्यूटी आहे, ठेवतो." मुलगी शाळेत गप्प झाली, गृहपाठाच्या वहीत बाबांविषयी चार ओळी लिहायच्या होत्या ते पान कोरं सोडलं. वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं आणि पाठोपाठ वहिनी आल्या. वहिनींनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे: "ते तासभर घरात होते हो, पण कुणाच्याच लक्षात नव्हते."

पुढे दादांशी बोलले तेव्हा त्यांची बाजू कळली. काठी कुणीही बांधू शकतं, ते म्हणाले, पण मला कुणी विचारलंच नाही की यंदा कुणाला सांगू.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. सणात माणूस असतो तो त्याच्या कामाने. मूर्ती ठरवणारा, माळा गुंफणारी, आरतीला पहिला सूर लावणारा, मोदकांची उकड काढणारी. ज्याचं काम दुसऱ्याने न विचारता उचललं, तो समोर बसलेला असला तरी पाहुणा होतो. आणि हजारो किलोमीटरवरचा माणूस काम हातात असेल तर घरचाच राहतो. व्हिडिओ कॉलने दादांना सण दाखवला आणि त्याच वेळी सणातून उठवून प्रेक्षकांत बसवलं.

सैनिकांच्या घरांना हा प्रश्न पूर्वी अशा रूपात पडत नसावा. ऑक्टोबर 1914 मध्ये मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेसाठी सहाव्या पुणे डिव्हिजनच्या पलटणी मुंबई बंदरातून निघाल्या. त्या डिव्हिजनमधले मराठा शिपाई पुढे डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 कूतच्या वेढ्यात अडकले. त्यांच्या घरी पत्र पोचायचं ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. सण चालू असताना त्यांनी तो पाहावा, अशी अपेक्षा करण्याची सोयच नव्हती. आज फोन आहे, म्हणून घर धरून चालतं की फोन लावला म्हणजे माणूस आला.

बसवायचा की नाही

जूनमध्ये घरात गणपतीवरून वाद सुरू झाला. काकूंचं म्हणणं, यंदा आणायचाच नाही, पाटावर सुपारी ठेवून पूजा करू. धाकट्याचं म्हणणं, दीड दिवसाचा आणू, दादा आला की पुढच्या वर्षी पुन्हा गौरींबरोबर. वहिनी म्हणत होत्या की दरवर्षीसारखाच आणायचा, गौरी-गणपती, एक दिवसही कमी नाही.

काकूंच्या नकारामागे रीत नव्हती. सुतक असलं तर गोष्ट वेगळी, एरवी घरचा गणपती असा चुकवत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांचं कारण भीतीचं होतं. टीव्हीवर सुदानमधली लढाई दिसायची, जळणाऱ्या इमारती दिसायच्या आणि चाळीतलं कुणीतरी येऊन विचारायचं, "तुमचा तिकडेच ना?" ती लढाई खार्टूमची, एप्रिल 2023 पासून चाललेली, सुदान या देशातली. दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला वेगळा झाला. तिथली शांतिसेना त्याच महिन्यातली, आणि मलाकल हे तिथल्या अपर नाईल राज्याचं मुख्य ठिकाण, श्वेत नाईलच्या पूर्व काठावर. हे काकूंना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मुलीच्या भूगोलाच्या नकाशावर आम्ही दोन्ही देश वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि तो नकाशा कपाटाच्या दाराला चिकटवला.

पण धोका नाहीच, असं मी काकूंना सांगितलं नाही आणि तसं कुणी सांगूही नये. 9 एप्रिल 2013 ला त्याच देशात, जोंगलेई राज्यात पाच भारतीय शांतिसैनिक हल्ल्यात मारले गेले. मलाकल शहर 2013 पासूनच्या यादवीत कितीदा या हातातून त्या हातात गेलं. शांतिसेनेच्या तळाला लागूनच हजारो विस्थापित लोक वर्षानुवर्षं आसऱ्याला आहेत. आईची भीती खोटी ठरवली की ती बोलायची थांबते. काकूंना मी एवढंच विचारलं, की गणपती न आणल्याने दादांना काय कळेल? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याला वाटेल, आईने आशा सोडली."

निर्णय त्याच संध्याकाळी झाला. आणि तो घरच्यांनी दादांना कळवला नाही, दादांना विचारून केला. पाडव्याला नेमकी हीच पायरी सुटली होती.

पाट, पुठ्ठा आणि तीन सेंटिमीटर

दादांची कामं कोणती, हे घरातल्या प्रत्येकाने आठवून सांगायचं, असं मी सुचवलं. निघाली ती यादी कुणाच्याही अपेक्षेपेक्षा लांब होती. कारखान्यात पाट देऊन येणं, मूर्ती ठरवणं, मखर, विजेच्या माळा, पूजेला यजमान म्हणून बसणं, आरतीची पट्टी धरणं, विसर्जनाला मूर्ती हातात घेणं, आणि शिवाय चाळीच्या मंडळात रात्री मंडपाच्या राखणीची एक पाळी. यातलं कुठलं काम ते मलाकलहून करू शकतात, कुठलं कुणाकडे सोपवायचं आणि ते सोपवायचं कुणी, याचा निर्णय दादांनीच घ्यायचा.

मूर्ती त्यांनी स्वतःकडे ठेवली. जुलैत लालबाग-परळच्या कारखान्यांत शाडूच्या मूर्ती रंगाविना ओळीने मांडलेल्या असतात, डोळ्यांची आखणी अजून व्हायची असते. धाकटा आणि मुलगी खाटेखालचा पाट पुसून घेऊन गेले. त्या पाटाच्या एका कोपऱ्यात मागच्या वर्षांच्या कुंकवाचा डाग आहे, तो दरवर्षी राहू देतात. तिथून फोन लावला, पण या वेळी फोन मुलीच्या हातात होता आणि प्रश्न विचारायचे होते. बाबा, हा की तो? दादांनी बारा इंचांवर मूर्ती नको म्हणून सांगितलं, कारण दहा बाय बाराच्या खोलीत गौरींनाही बसायचं आहे. पितांबर पिवळा हवा, शेला गर्द हिरवा. मुलीला लाल हवा होता. वाद झाला. शेला लाल झाला.

मखराची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. थर्माकोलवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हापासून दादा पुठ्ठ्याचं मखर करतात. या वेळी त्यांनी मलाकलला आलेखाच्या कागदावर मखर आखलं आणि कागदाचा फोटो पाठवला. एका बाजूला बारीक अक्षरात सूचना होत्या. एक अशी: "स्विचबोर्डच्या खाली चार बोटं जागा सोडा, नाहीतर पंख्याचं बटण झाकलं जाईल." इतक्या महिन्यांनी, आठवणीतून. मुलीने टेप लावून सगळी मापं तपासली. जवळजवळ सगळी बरोबर. एका बाजूला मात्र तीन सेंटिमीटर कमी पडत होते. दादा गेल्यावर धाकट्याने कपाट सरकवलं होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फोनवर क्षणभर ताण आला. आपल्यामागे घर हलतं, हे माणसाला माहीत असलं तरी मापाच्या टेपवर ते दिसणं वेगळं. मग बाप-लेक त्या तीन सेंटिमीटरवर बोलत बसले. कमान बारीक करायची की खांब? दोघांच्या रोजच्या बोलण्याला तिथून सुरुवात झाली. "अभ्यास कर", "आईला त्रास देऊ नको" या दोन वाक्यांच्या पलीकडे ज्या मुलीशी बोलणं जात नव्हतं, ती आता रोज रात्री आठला, म्हणजे तिकडच्या साडेचारला, फोनची वाट पाहू लागली. दादांना संध्याकाळी पाळी असेल त्या दिवशी फोन येत नसे. तो येणार नाही हे तिला आधीच माहीत असे, कारण तेही त्यांनीच सांगायचं ठरलं होतं. शाळेतल्या वहीतलं कोरं पान तिने ऑगस्टमध्ये भरलं. त्यात देशसेवा वगैरे काही नव्हतं. पुठ्ठा कसा दुमडायचा ते होतं.

पूजेला कोण बसणार

यजमानपदाचा प्रश्न नाजूक होता. थोरला नाही तर धाकटा, असं काकूंनी आणि चाळीतल्या ज्येष्ठांनी गृहीत धरलं होतं. धाकटा तयारही होता. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हिला बसू दे, सोबत लेकीला घेऊ दे. वहिनींना स्वतःहून हे मागायचं धाडस झालं नसतं. काकू दोन दिवस नाराज होत्या. भटजींनी काही हरकत घेतली नाही. स्त्रिया पूजा सांगतातही, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने कित्येक स्त्रियांना पौरोहित्याचं शिक्षण दिलं आहे, असं त्यांनीच काकूंना सांगितलं. त्याहून काकूंना पटलं ते वेगळंच: हा निर्णय त्यांच्या मुलाचा होता. सोपवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला होता. धाकट्याने तो अपमान मानला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याच्याकडे विसर्जन आलं.

एक काम दादांनी ठामपणे नाकारलं. मंडळाच्या उत्साही पोरांनी ठरवलं होतं की मंडपातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर आरतीच्या वेळी दादांना थेट दाखवायचं आणि नाक्यावर त्यांच्या फोटोचा, तैनातीच्या ठिकाणाचा फलक लावायचा. भावना खरी होती, त्या पोरांना त्यांचा अभिमान आहे. पण तळाची, चौकीची, गस्तीच्या वेळांची, जाण्यायेण्याच्या तारखांची कुठलीही गोष्ट बाहेर फिरू द्यायची नाही, ही सैनिकाच्या घराची पहिली शिस्त. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो कुठवर जाईल ते सांगता येत नाही. हा नियम प्रत्येक घराने सण यायच्या आधी, शांत डोक्याने, एकदा बोलून घ्यावा असं मी सांगेन. ऐन आरतीत कुणाचा फोन खाली करायला लावणं फार कठीण. मंडळाने शेवटी त्यांच्या नावाने राखणीची एक रात्र ठेवली आणि ती पाळी धाकट्याने केली. दादांना ते फलकापेक्षा जास्त आवडलं.

मलाकलची माती

इकडे हे चालू असताना तिकडेही एक गणपती आकाराला येत होता. ही बाजू मी दादांच्या तोंडून ऐकली ती अशी.

तुकडीत महाराष्ट्रातले मोजकेच. सुभेदार मेजर साहेबांमार्फत त्यांनी सीओ साहेबांकडे, म्हणजे तुकडीच्या प्रमुखांकडे, परवानगी मागितली, ती लगेच मिळाली. भारतीय पलटणीत मंदिर परेड असते, धर्मगुरू असतात, सगळ्या धर्मांसाठी एकच सर्वधर्म स्थळ असतं. सण तिथे उपरा नसतो. अट एकच, ड्यूटीत फरक पडता कामा नये. म्हणून गणपती दीड दिवसाचा.

मूर्ती कुठून आणायची? विमानाने शाडूची मूर्ती नेणं शक्य नव्हतं. दादांचं लहानपण लालबागच्या कारखान्यांत शाडू तिंबायला लुडबुड करण्यात गेलेलं. त्यांनी ठरवलं, इथल्या मातीची करायची. मलाकलच्या आसपासची माती काळी, पाऊस पडला की गाड्या जागच्या जागी रुतवणारी, आणि सुकली की भेगाळणारी. परभणीकडचा एक जवान ती हातात घेऊन म्हणाला, "साहेब, ही तर आमच्या रानातली माती." कापसाची काळी माती ती हीच. मूर्तीला मात्र ती वाईट, कारण सुकताना आकसते. पहिली मूर्ती पोटाशी तडकली. मग कुणीतरी वारुळाची माती आणली. ती बारीक, चिकट आणि खड्यांविना. त्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि थोडी रेती घालून, ओल्या गोणपाटाखाली, लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, भिंतीच्या उबेला मूर्ती हळूहळू सुकवली. सप्टेंबर तिथे पावसाळ्यातच येतो, उन्हाचा भरवसा नाही. वीतभर उंचीची झाली. रंग म्हणून हळद आणि कुंकू.

दूर्वांची चिंता त्यांना सगळ्यात जास्त होती आणि ती सगळ्यात आधी मिटली. ते गवत आफ्रिकेत सर्रास उगवतं. तळावरच्या गटाराच्या कडेला हवं तेवढं होतं, त्रिदळं निवडून जुड्या बांधायचं काम पंजाब आणि बिहारकडच्या जवानांनी शिकून घेतलं. जानवं, कापसाची वस्त्रं, वेलची, जायफळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस एवढं काकूंनी रजेवरून परत जाणाऱ्या एका जवानाबरोबर पाठवलं होतं. कापसाची वस्त्रं काकूंनी दुपारभर बसून केली, टोकांना कुंकू लावून. बसवायचाच नाही म्हणणाऱ्या काकू एव्हाना दोन गणपतींची तयारी करत होत्या.

खरा प्रश्न मोदकांनी उभा केला. रेशनला येणारा तांदूळ लांब दाण्याचा, मोकळा होणारा. त्याची पिठी काढून उकड केली तर पारी वळताना फाटत होती. दादांनी घरी फोन लावला आणि कुणाची खुशाली न विचारता थेट म्हणाले, "आई, पारी फाटतेय." पुढची वीस मिनिटं काकू बोलत होत्या. पिठाइतकंच पाणी घे, त्यात तूप आणि मीठ, झाकण ठेवून वाफ जिरू दे, उकड हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच मळ, पाण्याचा आणि तुपाचा हात लावत राहा. तरी फाटली तर चमचाभर साबुदाण्याचं पीठ घाल. खोबरं सुकं आहे तर कोमट दुधात आधी भिजव. इडलीच्या भांड्यात फडकं घालून वाफव, एकमेकांना चिकटू देऊ नको.

वहिनी सांगतात, त्या फोननंतर काकूंनी टीव्हीवरच्या बातम्यांचा नाद बराच सोडला. माझं निरीक्षण असं की मुलगा परदेशी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला आईकडून असं काही हवं होतं जे फक्त तिच्याकडे होतं. "काळजी करू नको" हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलं असेल. त्याने भीती कमी झाली नव्हती.

मुहूर्ताचा हिशेब

आता वेळ. मुंबईत साडेअकरा वाजतात तेव्हा मलाकलला आठ. काकूंना वाटत होतं की दोन्हीकडे एकाच क्षणी प्रतिष्ठापना व्हावी. पण गणपतीची पूजा मध्यान्हाची, आणि मध्यान्ह ज्या त्या गावच्या सूर्याचा. पलटणीच्या पंडितजींनी तिथला मध्यान्ह धरला, बाराच्या आत-बाहेर. चतुर्थी मुंबईच्या वेळेने संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपत होती, म्हणजे मलाकलला दुपारी दोननंतर. तेव्हा तिथल्या मध्यान्हालाही चतुर्थी होतीच. काळाचौकीच्या भटजींनी फोनवर याला होकार दिला. संकल्पात आपण "गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणतो, पंडितजींनी तिथे नाईलचं नाव घेतलं.

या फरकाचा फायदा झाला. काळाचौकीची पूजा, आरती, नैवेद्य, जेवणं हे सगळं फोन बंद ठेवून झालं. एकदाही कुणी "दादाला दाखवा" म्हटलं नाही, कारण दादांचं मखर समोर होतं, दादांनी निवडलेली मूर्ती त्यात होती आणि दादांनी बसवलेली यजमानीण पूजेला बसली होती. मग सव्वातीनच्या सुमारास सगळे खोलीत दाटीवाटीने बसले आणि मलाकलची पूजा पाहिली. या वेळी प्रेक्षक घर होतं. काही मिनिटांत तिथला पाऊस वाढला आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. रात्री आवाजाचा एक संदेश आला, त्यात आरती होती, मागे झांजा म्हणून वाजवलेल्या लंगरच्या थाळ्या, आणि शेवटी दादांचा आवाज: "आई, एकवीसपैकी तीन फाटले. बाकी उभे राहिले." संध्याकाळी त्यांची गार्ड ड्यूटी होती, डासांमुळे पूर्ण बाह्यांचा गणवेश घालून, प्रसाद खाऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी मूर्ती तळावरच्याच मोठ्या भांड्यात विसर्जित केली. श्वेत नाईल जवळ असली तरी सणासाठी नदीवर जाणं सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नव्हतं. विरघळलेली माती झाडांना घातली.

जे जमलं नाही

गौरीपूजनाचा दिवस, 11 सप्टेंबर, वहिनींना जड गेला. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई ओटी घेताना तोच प्रश्न विचारत होती: कधी येणार? तिथे बरं आहे ना? एकटीला जमतं ना? प्रश्न मायेचे होते. पण दहाव्या वेळी त्याच प्रश्नाला हसून उत्तर देताना वहिनी उठून मोरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारत उभ्या राहिल्या. सैनिकाच्या पत्नीसाठी सणातली कामं मी विचारात घेतली, पण भेटायला येणाऱ्यांच्या या माऱ्यातून तिला सोडवणारं माणूस कुणी नव्हतं. शेवटी काकू उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या आणि येणारीला आधी आपणच उत्तर देऊ लागल्या. अशा घरी सणाला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: तारीख विचारू नका. ती त्यांना बहुतेक वेळा माहीत नसते, आणि माहीत असली तरी सांगायची नसते. त्यापेक्षा भांडी घासायला हात लावा.

12 तारखेला गौरी-गणपती निघाले. धाकट्याने मूर्ती हातात घेतली, पालिकेच्या कृत्रिम तलावावर विसर्जन झालं. त्याच आठवड्यात दक्षिण सुदानच्या निवडणुका डिसेंबर 2024 वरून डिसेंबर 2026 वर ढकलल्याची बातमी आली. काकूंनी ती वाचून दाखवायला सांगितली आणि मग विचारलं, याने पोराचं काम वाढेल का? वाढतं की नाही ते मला सांगता आलं नाही. पण प्रश्न नेमका होता. जूनमधल्या काकूंना असा प्रश्न सुचला नसता.

परत आल्यावर

दादांचा कार्यकाळ संपला, ते परतले. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि या वेळी रजा मिळाली. इथे एक नवी अडचण आली जिची तयारी मी करून घेतली नव्हती आणि जी अशा घरांत हमखास येते. सोपवलेली कामं आता कुणाची? मुलगी मखराची पट्टी हातातून सोडायला तयार नव्हती. धाकट्याला विसर्जनाचा मान हवासा झाला होता. दादा पहिले काही दिवस खोलीत अवघडल्यासारखे वावरत होते, प्रत्येक गोष्टीला हात घालून मागे घेत होते. तिकडे असताना त्यांच्याकडे ठरलेलं काम होतं, घरी आल्यावर नव्हतं.

घरातल्यांनी पुन्हा एकदा बसून वाटणी केली. पूजेला दोघं जोडीने बसले. मखर लेकीचं, कापणं बापाचं. विसर्जन एक वर्षाआड दोघा भावांत. आणि मोदकांच्या पाऱ्या दादांनी मागून घेतल्या. काकूंनी आधी नको म्हटलं, पुरुषाच्या हाताला कळ्या पडत नाहीत म्हणाल्या. मग त्यांनी पहिला मोदक वळलेला पाहिला आणि परात त्यांच्यापुढे सरकवली. दादांची पुढची पोस्टिंग उत्तरेकडची आहे, फोन लागेलच असं नाही. म्हणून पुढच्या गणपतीची वाटणी घरात जूनमध्येच, ते असतानाच करून ठेवणार आहेत; पाट देऊन यायचं काम कुणाकडे, यावर अजून एकमत झालेलं नाही.